नवे प्रयोग भिंतीत करा, सांगाड्यात नको

घर बांधायला काढलेला माणूस सिमेंटच्या दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "५३ ग्रेडचं आहे ना?" दुकानदारही लगेच मान हलवतो. ५३ हा आकडा ३३ आणि ४३पेक्षा मोठा, आणि मोठा आकडा म्हणजे मजबूत घर, हे गणित दोघांनाही पटलेले असते. बांधकाम साहित्यावर गेल्या काही दशकांत जगभर जे संशोधन झाले, ते या गणिताच्या बाजूने बोलत नाही. पर्यावरणाला जपायचे तर मजबुतीवर पाणी सोडावे लागते, असेही आपण धरून चालतो. निदान सिमेंटच्या बाबतीत ते खोटे आहे. कमी प्रदूषण करून बनलेले सिमेंटच बहुतेक घरांना जास्त टिकाऊ ठरते. फक्त त्याचे पथ्य पाळावे लागते, आणि ते पथ्य साइटवर कुणी सांगत नाही.

गावाकडे दोन खोल्या बांधणाऱ्यापासून सोसायटीच्या पुनर्विकास समितीत बसणाऱ्यापर्यंत सगळ्यांना उपयोगी पडेल असे या लेखात आहे. इंजिनिअरचे काम तुम्ही करावे असा आग्रह नाही. त्याला आणि ठेकेदाराला काय विचारायचे, एवढे कळले तरी पुष्कळ.

सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करा. घराचा काही भाग वजन पेलतो : पाया, कॉलम, बीम, स्लॅब, जिना. उरलेला भाग आडोसा देतो : सांगाड्याच्या चौकटीत भरलेल्या भिंती, गिलावा, फरशी. या दुसऱ्या भागात नवे साहित्य खुशाल वापरून पाहा. फसले तर भेग पडेल, ओल येईल, दुरुस्तीला पैसे जातील. पहिल्या भागात मात्र ज्याला भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे आणि तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने ज्याचा हिशोब धरून नकाशा काढला आहे, तेवढेच जाऊ द्या. जुन्या धर्तीच्या घरात भिंतच छताचे वजन पेलते. तिथे भिंत हाच सांगाडा, हे विसरू नका.

साहित्य मजबूत असले म्हणजे बांधकाम मजबूत झाले असे नाही, याचा महाराष्ट्राइतका कडू अनुभव क्वचितच कुणी घेतला असेल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे गेली. तिथली घरे काळ्या दगडाची होती. हा बेसाल्ट दाबाखाली कोणत्याही विटेपेक्षा कितीतरी पटींनी मजबूत. पण भिंती रचल्या होत्या मातीत. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे दगडगोटे आणि मातीचा भरणा. दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड नाहीत, चारी भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नाही, आणि वर मातीचे जड माळवद. जमीन हलल्यावर भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि छत खाली आले. दगडाने दगा दिला नव्हता, जोडाने दिला. पुढे पुनर्बांधणीच्या वेळी तिथल्या उभ्या घरांना जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर पट्टे देण्याची आणि भिंतीत आरपार दगड बसवण्याची शिफारस झाली. दगडी किंवा विटांच्या भारवाही भिंतींचे घर बांधणाऱ्याने आजही एवढे तरी करावेच. खर्च एकूण घराच्या मानाने किरकोळ असतो.

सिमेंटच्या पोत्यात काय असते

सिमेंटचा जीव म्हणजे क्लिंकर. चुनखडक आणि माती भट्टीत १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून तो बनतो. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुरा पट्ट्यात सिमेंटचे कारखाने दाटले आहेत ते तिथल्या चुनखडकामुळेच. भट्टीला कोळसा लागतो म्हणून प्रदूषण होते, एवढेच असते तर इंधन बदलून भागले असते. अडचण खुद्द खडकात आहे. १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला की त्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, मग भट्टी कशावरही चालवा. इंधनाचा धरून एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ९०० किलो होतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणून संशोधकांचा बराचसा भर एकाच प्रश्नावर आहे : पोत्यातला क्लिंकर कमी करून त्याच्या जागी काय घालता येईल?

रोमन लोकांनी याचे एक उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच वापरले होते. ते चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. रोममधल्या पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट जवळपास १९०० वर्षे उभा आहे, आणि त्यात लोखंडाची एक सळई नाही. आपल्याकडे ज्वालामुखीची राख नसली तरी कोळशाची आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ, एकलहरे इथल्या वीज केंद्रांतून निघणारी फ्लाय अॅश क्लिंकरमध्ये १५ ते ३५ टक्के मिसळली की पीपीसी सिमेंट होते. पोलाद कारखान्यातला स्लॅग २५ ते ७० टक्के घातला की पीएससी. राख आणि स्लॅग दोन्ही असलेले कंपोझिट सिमेंटही मानकात आहे. ही तिन्ही पोती बाजारात मिळतात आणि राख-स्लॅग न घातलेल्या साध्या ओपीसीपेक्षा सहसा महाग नसतात.

मग लोक बिचकतात कशाला? पीपीसीला मानकाने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान ३३ न्यूटनची ताकद मागितली आहे आणि ओपीसी ५३ला ५३ची. हे आकडे शेजारी ठेवले की पीपीसी दुबळे दिसते. प्रत्यक्षात हे किमान आकडे आहेत, चांगले पीपीसी त्यांच्या बरेच पुढे जाते. शिवाय त्याची ताकद २८ दिवसांनंतरही वाढत राहते. सिमेंट पाण्याशी मिसळले की खडी-वाळूला धरून ठेवणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि सोबत मोकळा चुनाही सुटतो. हा चुना स्वतः काही धरत नाही. राखेतली सिलिका सावकाश त्याच्याशी संयोग पावते आणि त्याचाही चिकट पदार्थ बनवते. काँक्रीटमधली बारीक छिद्रे बुजतात, आत पाणी आणि क्षार शिरायला वेळ लागतो. उष्णता कमी सुटते म्हणून जाड ओतकामात भेगाही कमी. बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणारे भारतीय वंशाचे प्रा. पी. कुमार मेहता यांनी हवाईतल्या काउआई बेटावरच्या इरैवन मंदिराचा पाया निम्म्याहून जास्त सिमेंटऐवजी फ्लाय अॅश वापरून, बिनसळईचा ओतवला. मंदिर हजार वर्षे टिकावे अशी बांधणाऱ्यांची इच्छा होती आणि हजार वर्षांत गंजेल अशी वस्तू त्यांना पायात नको होती.

आता पथ्य. राखेची ही क्रिया सावकाश चालते आणि तिला ओलावा लागतो. ओपीसीच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायचे. पीपीसी, पीएससीला ते १४ दिवसांपर्यंत वाढवा, अशी मानकाची शिफारस आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात चौदाच्या खाली येऊच नका. स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ पाइपने फवारा मारून जाणे याला पाणी मारणे म्हणत नाहीत. दुपारी पृष्ठभाग पांढरा पडला तर पाणी कमी पडले असे समजा.

दुसरे पथ्य सेंट्रिंगचे. ठेकेदाराला फळ्या आणि टेकू पुढच्या साइटवर न्यायचे असतात, त्यामुळे घाई असते. ओपीसीसाठी मानक सांगते की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावेत. बीमचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. पीपीसी-पीएससीसारख्या मिश्र सिमेंटला सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणून यात काही दिवसांची भर घाला. थंडीत आणखी. ठेकेदाराशी करार करतानाच हे दिवस कागदावर लिहून घेतले की नंतर वाद होत नाही.

एक बारकावा जाहिरातीत कधी येत नाही. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटमध्ये मोकळा चुना कमी उरतो, आणि लोखंडाला गंजापासून वाचवणारा क्षारधर्म त्या चुन्यातून येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड अशा काँक्रीटमध्ये तुलनेने लवकर आत सरकू शकतो. पाणी नीट मारले आणि सळईवर पुरेसे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवला तर याची काळजी नाही. पाण्यात आणि कव्हरमध्ये चालढकल होणार असेल, तर सिमेंटचा प्रकार बदलून काही साधणार नाही.

समुद्रकाठी मात्र माझे मत स्पष्ट आहे : रत्नागिरी-सिंधुदुर्ग, रायगडची किनारपट्टी, मुंबई, गोवा इथे पीएससी मिळत असेल तर तेच घ्या. खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईपर्यंत पोचू न देण्यात स्लॅगचा हात धरणारे घरगुती बांधकामात दुसरे काही नाही. किनाऱ्याच्या थेट हवेतल्या आरसीसीला मानक किमान एम ३० ग्रेडचे काँक्रीट मागते, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कव्हर ४५ मिलिमीटर. कोकणात सर्रास एम २० टाकले जाते, आणि पुढे काही वर्षांत स्लॅबचा गिलावा सुटून लाल सळया दिसू लागल्या की लोक हवेला दोष देतात.

सध्या ज्याची चर्चा जास्त आहे ते म्हणजे एलसी-थ्री, चुनखडी आणि भाजलेल्या मातीचे सिमेंट. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल संस्थेतल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक, आणि आपल्याकडे आयआयटी दिल्ली व आयआयटी मद्रास यांनी मिळून ते पुढे आणले. क्लिंकर फक्त ५० टक्के, भाजलेली चिनी मातीच्या जातीची माती ३०, न भाजलेली चुनखडी १५ आणि जिप्सम ५. मातीला ७०० ते ८५० अंशच पुरतात आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही, त्यामुळे उत्सर्जन ३० ते ४० टक्के कमी होते. चिनी मातीच्या खाणीतली, भांड्यांना न चालणारी हलकी माती यात खपते. झाशीला या सिमेंटचे एक नमुना घर दशकभरापूर्वीच बांधून झाले. भारतीय मानक २०२३मध्ये आले, म्हणजे आमच्या सांगाड्याच्या नियमात ते बसते. हे महत्त्वाचे अशासाठी की कोळसा जाळणे कमी झाले की फ्लाय अॅशही कमी होणार, माती मात्र राहणार. तुमच्या गावात अजून पोते मिळत नसेल तर थांबून राहू नका, पीपीसी किंवा पीएससीने घर बांधा.

आणखी दोन गोष्टी. पीपीसीच्या पोत्यात आपल्या हाताने आणखी राख मिसळायची नाही. मिश्रण कारखान्यात किंवा आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर मोजून होते. आणि पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांहून जुने पोते सांगाड्यात घालू नका. साठवण जमिनीला आणि भिंतीला न टेकवता, फळ्यांवर, दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी न लावता.

पाण्याचा हिशोब

साहित्यातले सगळे संशोधन एका पाइपने वाहून जाऊ शकते. माल घट्ट झाला की मिक्सरवरचा माणूस पाणी सोडतो, कारण पातळ माल सरकवायला सोपा. डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८मध्येच दाखवून दिले होते की काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या पोत्याला रासायनिक क्रियेसाठी साधारण १२ लिटर पाणी लागते. बाकीचे केवळ माल कालवता यावा म्हणून असते. ते पुढे वाळते आणि छिद्रे सोडून जाते. घरगुती आरसीसीला पोत्यामागे २५ लिटर ही वरची हद्द धरा, किनाऱ्याला वर सांगितल्याप्रमाणे त्याहून कमी. त्यात वाळूतला ओलावाही मोजायचा, पावसाळ्यात तो बराच असतो.

पंचवीस लिटरमध्ये माल सरकत नाही ही मिस्त्रीची तक्रार खरी असते. त्यावरचा इलाज पाणी नाही, प्लास्टिसायझर. १९८०च्या दशकात जपानमध्ये आलेल्या पॉलिकार्बोक्झिलेट जातीच्या रसायनांनी थोड्या पाण्यात माल पातळ ठेवणे शक्य केले, आणि आज कोणताही आरएमसी प्लांट ती वापरतो. पोत्यामागे थोडेसेच लागते, डब्यावर लिहिले असेल तितकेच घाला. माझ्या मते छोट्या घराच्या काँक्रीटमध्ये खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक पाडणारी 'नवी' वस्तू हीच आहे. मिक्सरजवळ खूण केलेली बादली ठेवा आणि पाइप बंद करून टाका. आरएमसीची गाडी आली तर ड्रममध्ये साइटवर पाणी ओतू देऊ नका. आणि व्हायब्रेटर भाड्याने आणाच. फळी काढल्यावर कॉलमवर खडी उघडी दिसत असेल तर गिलाव्याने झाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

सळई

लोखंडातही आकड्यांचा मोह आहे. एफई ५५० घेतले म्हणजे जास्त मजबूत, असे सांगितले जाते. भूकंपाच्या दृष्टीने सळईने तुटण्याआधी ताणले जायला हवे. नावापुढचा 'डी' ते सांगतो. एफई ५०० सळईने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबावे अशी अट आहे, एफई ५०० डीला १६ टक्के. घरासाठी ५०० डी मागा. जालन्याच्या मिलमधली असो वा मोठ्या कंपनीची, तीन गोष्टी तपासा : सळईवर उठवलेली खूण आणि आयएसआय क्रमांक, त्या मालाचे टेस्ट सर्टिफिकेट, आणि वजन. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ने भागले की एका मीटरचे किलोतले वजन निघते. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई १०.६७ किलो भरायला हवी, पाच टक्के इकडेतिकडे चालते. त्याखाली आली तर गाडी परत पाठवा.

सळईइतकेच ती कशी बांधली हे पाहा. कॉलम-बीमच्या रिंगांचे आकडे ९० अंशात वळवून सोडलेले असतील तर जोराच्या हादऱ्यात ते उघडतात. आकडा १३५ अंशात, काँक्रीटच्या आत वळलेला हवा. गॅलरी आणि छज्ज्यात मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि काँक्रीट टाकताना मजूर तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबतात. खुर्च्या लावून घ्या. कव्हरसाठी फरशीचे किंवा खडीचे तुकडे चालत नाहीत, सिमेंटचे ब्लॉक ठेवा : स्लॅबला २०, कॉलमला ४०, पायाला ५० मिमी हा सर्वसाधारण हिशोब, किनाऱ्याला वर सांगितल्याप्रमाणे जास्त. गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा व्यापते आणि काँक्रीट आतून फोडते. ते थांबवण्यासाठी कव्हरइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

गंजतच नाहीत अशा काचतंतूच्या, म्हणजे जीएफआरपीच्या सळयाही आता विकायला आल्या आहेत. वजन लोखंडाच्या चौथाईच्या आसपास, ताण सोसण्याची ताकद जास्त, मानकही झाले आहे. पण त्या लोखंडाइतक्या ताठ नसतात, त्यामुळे स्लॅब जास्त वाकतो. आणि ताणल्या न जाता एकदम तुटतात. साइटवर त्या वळवताही येत नाहीत. जमिनीवरची फरसबंदी, खाऱ्या पाण्यातली भिंत अशा ठिकाणी त्या उत्तम. घराच्या कॉलम-बीममध्ये लोखंडाच्या जागी तितक्याच जाडीची काचसळई टाकून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला नाही म्हणा.

बांबू काँक्रीटमध्ये सळई म्हणून घालण्याची कल्पनाही अधूनमधून डोके वर काढते. ती सोडून द्या. ओल्या काँक्रीटमध्ये बांबू फुगतो, वाळल्यावर आकसतो आणि काँक्रीटची पकड सुटते. बांबूचे खरे काम छप्पर, कैच्या, मांडव, पडव्या यांत आहे. सिंधुदुर्गातला माणगा भरीव आणि सरळ असतो, कुडाळला त्यावर प्रक्रिया करून बांधकाम करणारी कोनबॅक ही संस्था आहे. बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया झालेला, जमिनीपासून उचलून बसवलेला आणि पावसापासून झाकलेला बांबू दीर्घकाळ टिकतो. प्रक्रिया न केलेला भुंगा काही वर्षांत संपवतो. वणी-वरोरा महामार्गावर २०२३मध्ये प्रक्रिया केलेल्या बांबूचे २०० मीटर संरक्षक कठडे लावले गेले. तिथेही मुद्दा प्रक्रियेचाच होता.

वाळू आणि खडी

नदीची वाळू संपत आली आहे आणि जी मिळते ती अनेकदा चोरीची असते. सह्याद्रीच्या बेसाल्टपासून बनणारी क्रश सँड आता काँक्रीटसाठी मानकात आहे, राज्य सरकारनेही २०२५मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले. कच म्हणजे क्रश सँड नव्हे. खडी फोडताना उरलेला कच चपटा आणि धुळीने भरलेला असतो, तो सिमेंट आणि पाणी दोन्ही खातो. व्हीएसआय यंत्रावर गोलसर केलेली, धुतलेली वाळू मागा. गिलाव्याची वेगळी, बारीक मिळते. खाडीची रेती स्वस्त म्हणून आरसीसीत कधीही नको, तिच्यातले मीठ सळई खाते. खारट बोअरच्या पाण्याचेही तेच. जुनी इमारत पाडून निघालेल्या राडारोड्यातली खडी २०१६च्या मानकाने एम २५पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत चालते. पण ती दळून, धुऊन आलेली हवी, तेव्हा घरगुती कामात पायाखालच्या साध्या काँक्रीटपुरतीच वापरा.

भिंतीत मन मोकळे करा

एएसी ब्लॉक स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात निघाले. फ्लाय अॅश, चुना, सिमेंट आणि चिमूटभर अॅल्युमिनियम पावडर. वायू सुटून माल फुगतो, मग वाफेच्या दाबात शिजवतात. घनमीटरला ५५० ते ६५० किलो, भाजलेली वीट त्याच्या अडीच-तीन पट. भिंती हलक्या झाल्या की भूकंपात सांगाड्यावर येणारा जोरही कमी होतो. हा फायदा लोखंडाच्या बिलात दिसायचा असेल तर ब्लॉक ठरवून मग स्ट्रक्चरल डिझाइन करा. नकाशा विटांचा आणि भिंत ब्लॉकची असे झाले तर पैसे कुठेच वाचत नाहीत. ब्लॉकच्या भेगांची तक्रार सर्वांची असते, आणि बहुतेक वेळा कारण गवंड्याची विटांची सवय. ब्लॉक भिजत घालायचे नाहीत, फक्त पाणी शिंपडायचे. जाड मसाल्याऐवजी तीन मिलिमीटरचा पातळ जोड. कॉलम-बीमशी भिंत मिळते तिथे जाळी. बीमखाली थोडी फट सोडून ती शेवटी भरायची. भारवाही भिंतीत हे ब्लॉक नकोत.

फ्लाय अॅशची वीट घेताना ती वीज केंद्राच्या जवळपासच्या भट्टीविना कारखान्यातली घ्या, लांबून आणली तर वाचवलेले डिझेलमध्ये जाते. कोरडी वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवून पुन्हा करा. तीन किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती जास्त पाणी पिते. मीटरभर उंचीवरून टाकली तर फुटता कामा नये.

कोकणात मात्र विटा किंवा ब्लॉक कशाला? जांभ्याचे चिरे दाराशी निघतात, भाजावे लागत नाहीत. खाणीतून ताजे काढलेले चिरे काही आठवडे हवेवर राहू द्या, ते घट्ट होतात. निवडताना पोकळ आणि पांढऱ्या मातीच्या शिरा असलेले बाजूला काढा. देशावर लाल मुरमाची माती असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट घालून दाबून केलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा करता येतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि ऑरोव्हिलने यावर दशकानुदशके काम केले आहे. काळ्या मातीच्या मात्र करू नका, ती पाण्याने फुगते.

वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी स्वतःच्या भेगा बुजवणाऱ्या काँक्रीटची बातमी येते. डेल्फ्टच्या हेंक योंकर्स यांचे जिवाणू घातलेले काँक्रीट खरे आहे. एमआयटीच्या गटाने २०२३मध्ये रोमन काँक्रीटमधले चुन्याचे खडे भेगा कसे भरतात हे दाखवले, तेही खरे. उसाच्या चिपाडाच्या राखेवर आयआयटी मद्रासमध्ये चांगले काम झाले आहे, साखरपट्ट्याच्या दृष्टीने ते मोलाचे ठरेल. अशा कोणत्याही वस्तूचा विक्रेता दारात आला तर त्याला तीनच गोष्टी विचारा : मानक क्रमांक कोणता, माझा स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करील का, आणि गवंड्याने रोजच्यापेक्षा वेगळे काय करायचे. तिसऱ्या प्रश्नाला "काही नाही, नेहमीसारखंच" असे उत्तर आले तर सावध राहा.

हे सगळे प्रत्यक्षात उतरले की नाही, याचा पुरावा एकच. प्रत्येक स्लॅबच्या दिवशी इंजिनिअरसमोर काँक्रीटचे सहा क्यूब (नमुना ठोकळे) भरून घ्या, तीन सातव्या दिवशी आणि तीन २८व्या दिवशी तपासायला. १५० मिमीचे साचे आरएमसीवाल्याकडे असतात आणि तपासणी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. तिचा खर्च एका स्लॅबच्या काँक्रीटपुढे नगण्य असतो. अहवाल, सळईचे सर्टिफिकेट आणि सिमेंटची पावती घराच्या खरेदीखतासोबत ठेवा. क्यूबचा आकडा कमी आला तर इंजिनिअरने लेखी सांगेपर्यंत वरचा मजला चढवू नका.